चार डिस्का आणि एक स्टेपनी

मी सावध माणूस आहे. माझ्याच तोंडून ऐकताय म्हणून त्याची किंमत कमी करू नका! मी विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या विभागात काम करतो. दिवसभर माझ्या टेबलावर जळालेली गोदामं, पाण्यात बुडालेल्या मोटारी आणि चालू असताना खाली आलेले पंखे येऊन पडतात. कागदावर, अर्थात. लोक किती बेसावध असतात हे बघून बघून माझे डोळे पांढरे झालेत. त्यामुळे आपल्या घरात असलं काही होणे नाही, हे मी लग्नाच्या आधीपासून छातीठोकपणे सांगत आलो होतो.

माझी बायको नकाशे काढते. शाळकरी मुलांच्या नकाशांचं एक मोठं पुस्तक निघणार होतं, आणि त्यातल्या झाडून सगळ्या नद्या, डोंगर, वाळवंटं आणि समुद्र ती तीन वर्षं संगणकावर एकटीने काढत होती. काम देखणं! पण ठेवण्याची पद्धत? विचारू नका. तिच्या नकाशांच्या नकला घरभर पसरलेल्या. एक लॅपटॉपवर, एक पर्समधल्या पेन ड्राइव्हवर, एक शिवणाच्या डब्यात, एक चमच्यांच्या खणात. एकदा मी ढवळायला चमचा म्हणून हात घातला आणि चहात आख्खा दक्षिण गोलार्ध बुडवणार होतो!

"हे बरं नाही," मी एके दिवशी म्हणालो. "ह्यातली ताजी प्रत कुठली आणि शिळी कुठली, तुला तरी सांगता येईल का?"

"येईल की," ती म्हणाली. "चमच्यातली परवाची. शिवणातली गेल्या आठवड्यातली."

"अगं, ही काय पद्धत झाली? मी एक अशी जागा करून देतो, जी कधी बिघडणारच नाही!"

आणि मी तिला समजावून सांगितलं. एक पेटी आणायची. तिच्यात चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक डिस्क. नकाशे कुठल्याही एका डिस्कवर ठेवायचे नाहीत, चारींवर थोडे थोडे पसरायचे, आणि ते अशा हिशोबाने, की चारांतली कुठलीही एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं पुन्हा सांगू शकतील. ह्या प्रकाराला रेड म्हणतात. मोठमोठ्या कंपन्या हेच वापरतात.

"आणि दोन मेल्या तर?" बायकोने विचारलं.

"दोन एकदम कशा मरतील?"

"एकदम माणसं मरतात. डिस्कांना काय धाड भरलीय?"

"शक्यता हा माझा रोजचा धंदा आहे," मी म्हणालो. "तू फक्त नद्या काढ!"

त्या आठवड्यात ती खरोखरच नद्यांत गळ्यापर्यंत बुडालेली होती. वर न बघता म्हणाली, "कर बाबा काय करायचं ते. पण माझ्या नकला राहू देत."

त्या मी राहू दिल्या नाहीत. पेटी सुरू झाली, सगळे नकाशे तिच्यात गेले, आणि मी शिवणाच्या डब्यापासून चमच्यांच्या खणापर्यंत सगळं साफ केलं. पेन ड्राइव्ह पुसले आणि ऑफिसात वाटून टाकले. लॅपटॉपवरचीही प्रत काढून टाकली. आता नकाशे एकाच जागी होते आणि ती जागा अभेद्य होती. रात्री मला फार छान झोप लागली.

पेटी आणि डिस्का मी ज्याच्याकडून आणल्या, त्या दुकानदाराला आमच्या भागात सगळे 'होतं असं' म्हणतात. काहीही तक्रार घेऊन जा, तो चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "होतं असं." संगणकातून धूर आला? होतं असं. छपाईयंत्राने उंदीर छापला? होतं असं. पण माणूस जाणकार. त्यानेच मला चारांऐवजी पाच डिस्का घ्यायला लावल्या. "पाचवी कपाटात ठेवा. चारांतली एखादी गेली तर लगेच बदलता येते."

पेटी जोडताना दोन स्क्रू उरले. मी काळजी केली नाही. जगातल्या प्रत्येक यंत्राला दोन स्क्रू जास्तीचेच देतात.

आता ह्या गोष्टीत माझे वडील येतात. बाबा आमच्याकडेच असतात. उभी हयात त्यांनी बसडेपोच्या टायर विभागात काढली, शेवटची बरीच वर्षं तिथले मुख्य म्हणून. टायर एकाच जागी राहिला की एकाच अंगाने झिजतो. म्हणून पुढचा मागे घालायचा, डावा उजवीकडे, आणि स्टेपनीलाही पाळीपाळीने रस्त्यावर आणायचं. असं केलं की सगळे टायर सारखे झिजतात आणि जास्त टिकतात. बाबांच्या जीवनाचं सगळं सार एवढंच आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांना टायर मिळेनात. मग ते घराकडे वळले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बाबांची फेरपालट असते. जेवणाच्या खुर्च्या एकेक जागा पुढे सरकतात. सोफ्याच्या उशा जागा बदलतात. गाद्यांचं डोकं पायाकडे जातं. एकदा त्यांनी रिमोटमधल्या बॅटऱ्या घड्याळात घातल्या आणि घड्याळातल्या रिमोटमध्ये. काही दिवसांनी दोन्ही एकाच सकाळी बंद पडली.

"बघ!" बाबा समाधानाने म्हणाले. "सारखी झिजली!"

पेटी घरात आली तेव्हा बाबा तिच्यासमोर बराच वेळ हात मागे बांधून उभे होते. "काय आहे हे?" त्यांनी विचारलं. मीही उत्साहाच्या भरात त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायला गेलो.

"असं समजा बाबा, ही चार चाकांची गाडी. ह्यातलं एक फुटलं तरी गाडी थांबत नाही. उरलेल्या तिघांवर चालते."

"तीन चाकांवर? लायसन कोण देतं?"

"ही खास गाडी आहे. आणि ही कपाटातली पाचवी, ती स्टेपनी!"

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी पाचवी डिस्क हातात घेऊन बोटाने टकटक केलं, जशी टायरमधली हवा बघतात. "स्टेपनी नुसती पडून राहिली की ऐन वेळी दगा देते, लक्षात ठेव. तिलाही चालवावं लागतं."

"अगदी बरोबर बोललात बाबा!" मी म्हणालो.

खरं तर घोडं इथेच पेंड खात होतं. पण आपला मुद्दा वडिलांना पहिल्या फटक्यात समजला, ह्या आनंदात मी होतो. असा आनंद मुलांच्या वाट्याला फार क्वचित येतो!

पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, आणि पेटी ओरडायला लागली. पीं! पीं! पीं! मी तोंडाला फेस तसाच ठेवून धावलो. संगणकावर सूचना आली होती: पहिल्या कप्प्यात अनोळखी डिस्क आहे, एक सदस्य कमी आहे, अनोळखी डिस्कला सामील करून घेऊ का?

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरच्या गच्चीवर वीज पडावी आणि वीजरोधक बसवणारा आपणच असावं, तसा! मी बायकोला हाक मारली. बाबा फिरायला गेले होते, ते तेवढ्यात आले, त्यांनाही बोलावलं.

"पाहिलंत? एक डिस्क गेली! आणि नकाशे?" मी एक नकाशा उघडला. "जसेच्या तसे!"

बायकोने नकाशा जवळून पाहिला. तिच्या भुवया किंचित वर गेल्या. सात वर्षांच्या संसारात अशा भुवया मी दोनदाच कमावल्यात.

"पण ती गेली कशी?" बाबांनी विचारलं. "एवढी देखभाल असून?"

"जातात बाबा. म्हणून तर चार!"

मी दाबलं 'होय'. पेटीने त्या अनोळखी डिस्कला पुन्हा सगळं शिकवायला घेतलं. त्यात दिवस गेला, रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारही दिवे हिरवे झाले. ऑफिसात मी हा प्रसंग तीन जणांना सांगितला. त्यातल्या दोघांनी शेवटपर्यंत ऐकला.

पुढच्या महिन्यात पेटी पुन्हा ओरडली. पुन्हा रविवार! पुन्हा पहिल्या कप्प्यात अनोळखी डिस्क! मी पुन्हा 'होय' दाबलं, पण आता छाती तेवढी पुढे नव्हती. सगळं हिरवं झाल्यावर मी ती पहिल्या कप्प्यातली डिस्क काढली आणि 'होतं असं'च्या दुकानात नेऊन त्याच्या टेबलावर आपटली. म्हणजे अलगद ठेवली.

"ही दर महिन्याला स्वतःची ओळख विसरते!"

त्याने ती आपल्या यंत्राला जोडली, बराच वेळ आकडे बघितले. "डिस्क ठणठणीत आहे हो. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल."

"मग विसरते कशी?"

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. मी उत्तराची वाट न बघता डिस्क उचलून निघालो. डिस्क परत जागेवर घातली, पुन्हा 'होय' दाबलं, पुन्हा पेटी शिकवायला लागली.

दोष डिस्कचा नाही, म्हणजे परिस्थितीचा! विमा विभागाची सवय मदतीला आली. मी घटनास्थळाची पाहणी केली. पेटीखाली रबराचे तुकडे लावले. त्या खोलीत व्हॅक्युम क्लीनर चालवायला बंदी केली. विजेचा दाब सारखा राहावा म्हणून एक यंत्र आणलं, ते पेटीपेक्षा जास्त गरम व्हायला लागलं, म्हणून त्याच्यावर पंखा लावला. मग घरातल्यांना एकत्र बसवून रीतसर चौकशी केली.

"पेटीशी कोणी छेडछाड केली आहे का?"

"मी तिच्याकडे बघतसुद्धा नाही," बायको म्हणाली.

"छेडछाड?" बाबांना विचारच सहन झाला नाही. "आपल्या घरात? यंत्राशी? छे!"

ते इतकं मनापासून बोलले की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"रविवारीच का होतं ते बघ," बायको म्हणाली. "आणि तेही पहिल्याच रविवारी."

बास! माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरची बाई कपडे धुण्याचं यंत्र लावते. ते यंत्र पिळायला लागलं की आमच्या भांड्यांचा फडताळात वाद्यवृंद सुरू होतो. दर रविवारी लावते हे खरं, पण पहिल्या रविवारी बहुतेक चादरी असाव्यात. चादरी जड! पेटी हादरते, डिस्क गांगरते, ओळख विसरते. पुरावा मिळाला की लेखी तक्रार करायची.

इकडे नकाशांचं काम संपत आलं होतं. सोमवारी छापखान्यात सगळं द्यायचं ठरलं होतं. शनिवारी तिने शेवटची नदी समुद्राला मिळवली, नकाशा पेटीत ठेवला आणि खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. "झालं," ती म्हणाली. तीन वर्षांत तिला इतकं स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महिन्यातला पहिला रविवार होता.

मी भल्या सकाळी उठलो. पेटी टेबलावर होती. तिच्याशेजारी मी पाण्याने भरलेली बशी ठेवली. पाण्यावर तरंग उठले की समजायचं, खाली चादरी सुरू झाल्या. पण खोलीत खुर्ची नव्हती (बाबांनी ती आधीच फेरपालटीसाठी बाहेर नेली होती, हे मला नंतर कळलं), म्हणून मी टेबलाखाली मांडी घालून बसलो. खालचा हादरा जमिनीतून आधी कळेल असाही एक शास्त्रीय विचार होता. भिंतीला पाठ टेकली. आणि खरं सांगतो, पापणीला पापणी कधी लागली ते कळलं नाही.

जागा झालो तेव्हा पेटीचा नेहमीचा गुंगुं आवाज बंद होता. समोर दोन पाय होते. खाकी पँटचे, पॉलिश केलेल्या बुटांतले. बाबांचे! वर टेबलावर सरकवासरकव चालली होती, आणि बाबा हलक्या आवाजात, अगदी लाडाने बोलत होते.

"ये पुढे. तू फार दिवस मागे होतीस."

"बाबा!!" मी ओरडलो.

त्यांच्या जागी तुम्ही असता तर? रिकाम्या खोलीत तुम्ही एकटे काम करताय, आणि टेबल तुम्हाला 'बाबा' म्हणतंय! बाबा दचकून मागे उडी मारायला गेले, त्यांच्या हातातलं काहीतरी सुटलं आणि माझ्या नाकासमोर फरशीवर पडलं. ठक्क! त्याच क्षणी मी उठायला गेलो. तो दुसरा ठक्क माझ्या टाळूचा. बशी उलटली आणि पाणी माझ्या मानेत आलं. नशीब, पेटीच्या बाजूला गेलं नाही!

मी बाहेर आलो. टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरलेला, त्यावर चार डिस्का एका ओळीत, पाचवी फरशीवर. शेजारी ब्रश आणि कापूस. बाबांनी अंगात त्यांचा डेपोतला जुना डगला घातला होता.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"फेरपालट!" बाबा छातीवर हात ठेवून म्हणाले. "टेबलाखाली काय करतोयस तू? जीव गेला असता माझा!"

"डिस्कांची फेरपालट?"

"मग? चौथ्या कप्प्यातली कपाटात विश्रांतीला, बाकीच्या एकेक घर पुढे, आणि स्टेपनी पहिल्या घरात. तूच म्हणालास ना, अगदी बरोबर म्हणून? दर महिन्याला करतो. रीतसर बंद करून करतो हो! चालू गाडीला मी आयुष्यात हात लावला नाही."

"आणि मी विचारलं तेव्हा? छेडछाड केली का म्हणून?"

"छेडछाड वेगळी, देखभाल वेगळी!" बाबा दुखावून म्हणाले. "आणि एवढी देखभाल करूनही दर महिन्याला एक जाते म्हणतोस, तर मालच खराब दिलाय त्याने."

दर महिन्याला बाबा पेटीतली एक जाणती डिस्क काढून कपाटात ठेवत होते, तिच्या जागी जिला ताजं काहीच माहीत नाही अशी घालत होते, बटण दाबून फिरायला जात होते. आणि मी दर महिन्याला आनंदाने 'होय' म्हणत होतो!

आवाजाने बायको आली. तिने फरशीवरची डिस्क पाहिली, टॉवेलवरच्या पाहिल्या, मला पाहिलं. माझ्या मानेतून पाणी गळत होतं.

"माझे नकाशे कुठे आहेत?" तिने विचारलं.

हा प्रश्न तिने ओरडून विचारला असता तर बरं झालं असतं.

"काही झालेलं नाही!" मी म्हणालो. आणि घाईघाईने हाताला येतील त्या चार डिस्का उचलून पेटीत खुपसल्या. सगळ्या सारख्या काळ्या, सारख्या चपट्या. फरशीवरची कुठली, कपाटातली कुठली, बघतो कोण! बटण दाबलं. पेटीने श्वास घेतला. एक दिवा हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा पिवळा. आणि चौथ्या कप्प्यातून आवाज यायला लागला: कट्... कट्... कट्. पडलेली डिस्क मीच तिथे घातली होती.

मग सूचना आली. नेहमीसारखी चौकट, नेहमीसारखं खाली 'होय' आणि 'नाही'. माझं बोट सवयीने 'होय'कडे गेलं.

माझ्या मनगटावर इतका जोरात फटका बसला की उंदीर, म्हणजे माऊस, टेबलावरून लोंबकळायला लागला.

"वाच!" बायको म्हणाली. ती नकाशे काढणारी आहे. मुंगीएवढी अक्षरं वाचायची तिला सवय आहे. तिनेच मोठ्याने वाचलं. "दोन सदस्य सापडत नाहीत. जुना संच उघडता येत नाही. नवीन संच तयार करायचा का? तसं केल्यास डिस्कांवरची सगळी माहिती पुसली जाईल."

खोलीत फक्त कट् कट् चालू होतं.

माझी पाचावर धारण बसली. बायको जमिनीवर बसली, तिथेच, बशीतल्या पाण्यात. "उद्या द्यायचंय," ती म्हणाली. "तीन वर्षं रे. एकेक नदी." ती रडत नव्हती. मला रडू येत होतं, पण बाबांच्यासमोर कसं रडणार? आणि बाबा तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. डगल्याची गुंडी काढत होते, लावत होते, काढत होते.

"तुझ्या त्या नकला..." ते न वळता म्हणाले. "चमच्यातली?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! बाबांनी फक्त डिस्का फिरवल्या होत्या. पण त्यांच्या फिरवण्याला घाबरायचं कारण उरावं, अशी व्यवस्था मी केली होती. इतकी वर्षं लोकांना मी विचारत आलो, 'सगळा माल एकाच गोदामात का ठेवला होतात?' आणि ते खाली बघत. आता खाली बघताना कसं वाटतं ते कळलं. फरशीचं डिझाईन बरं होतं.

'होतं असं'ला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रविवार असूनही त्याने उचलला. मी सगळं सांगितलं. टायर, डगला, टेबल, टाळू, काही लपवलं नाही.

"असं..." तो म्हणाला, "असं नाही होत कधी."



"पण ऐका," तो पुढे म्हणाला. "आता काहीही दाबू नका. पेटी बंद करा. कट् कट् करतेय ती बाहेर काढा आणि बाहेर राहिलेली आत घाला. कुठल्याही कप्प्यात घाला, क्रमाचं काही नाही. कुणाबरोबर होतो हे प्रत्येकीला माहीत असतं, त्या आपापली ओळख पटवून घेतात. चारांतली एकच मेलीय ना? मग तिघी आहेत. फक्त त्या तिघी आता आत जाणाऱ्या चारांत असल्या पाहिजेत."

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला, पेटी बंद केली, मेलेली काढली आणि टॉवेलवर राहिलेली आत सरकवली. मला तिने हात लावू दिला नाही. बाबा आपणहून दोन पावलं मागे सरकले होते.

बटण दाबलं. आम्ही तिघं त्या चार दिव्यांकडे बघत उभे. एक हिरवा. दुसरा हिरवा. मग काहीच नाही. खालच्या मजल्यावर कपड्यांचं यंत्र सुरू झालं, फडताळातली भांडी वाजायला लागली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईसाठी मनात म्हणालो, धुवा हो, काय धुवायचं ते धुवा!

तिसरा हिरवा.

चौथा पिवळा. पीं! पीं! तो आवाज इतका गोड लागेल असं वाटलं नव्हतं. चौकट आली: संच तीन सदस्यांवर सुरू आहे. अनोळखी डिस्कला सामील करून घेऊ का?

"घे, घे!" मी म्हणालो. "होय दाब!"

"गप्प बस," बायको म्हणाली. "ह्या तिघींतली एक आता गेली तर? दुरुस्ती नंतर. आधी माझे नकाशे बाहेर."

तिने लॅपटॉप आणला आणि जोडला. नकाशे एकेक करून बाहेर यायला लागले. वाळवंटं आली, डोंगर आले, दोन्ही गोलार्ध आले. दुपारभर ती तिथून हलली नाही. आम्ही दोघं बाप-लेक दाराशी बसून होतो, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. शेवटची नदी समुद्रासकट लॅपटॉपवर आली तेव्हा तिने ती उघडली, उगमापासून मुखापर्यंत बोट फिरवून पाहिली आणि मग रडली. चांगली पोटभर. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सूनबाई, ह्यापुढे मी हात लावणार नाही," ते म्हणाले.

"तुमचं काही चुकलं नाही बाबा," ती नाक पुसत म्हणाली. "तुम्हाला बरोबर म्हणणारा कोण होता?"

सोमवारी नकाशे छापखान्यात गेले. पुस्तकही निघालं. पेटी अजून घरात आहे. तिच्यात आता माझ्या प्रवासाचे फोटो असतात, आणि पहिल्या रविवारी तिच्या डिस्कांची फेरपालट करायला बायकोने बाबांना खुशाल परवानगी दिली आहे. मी बोललो तर ती म्हणते, "त्यांना काहीतरी फिरवायला नको?"

आता तिने पुढच्या पुस्तकाचं काम घेतलंय. त्या नकाशांच्या तीन प्रती असतात. एक लॅपटॉपवर. एक तिच्या आईकडे, दुसऱ्या गावात. तिसरी कुठे असते, ते मला सांगितलेलं नाही. परवा जेवताना मी सहज विचारलं.

"सुरक्षित ठिकाणी आहे," ती म्हणाली.

"ते बरंच झालं. पण म्हणजे कुठे?"

"तुला कळलं तर ते सुरक्षित राहील का?"

मी त्यावर अगदी निःपक्षपातीपणे विचार केला. विम्यातला माणूस म्हणून मला तिचं म्हणणं पटलं.